"लवकरच येतंय" वर पैसे लावू नका

जून २०२४ मध्ये ॲपलने नवी सिरी दाखवली, म्हणजे आयफोनमधली बोलून काम सांगायची मदतनीस. आईचं विमान किती वाजता उतरतंय एवढंच विचारायचं, मेल-मेसेज धुंडाळून ती उत्तर देणार. सप्टेंबरमध्ये आयफोन १६ आला, जाहिरातीत हीच सिरी, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनी म्हणते अजून वेळ लागेल, जाहिरातही काढून घेतली. पण तोवर लोकांनी ईएमआयवर फोन घेतले होते ना! उशीर होतो हो, सॉफ्टवेअरवाल्या कुणालाही विचारा, पण जे तयारच नाही ते दाखवून आजचा माल विकायचा हे मला अजिबात पटत नाही.

आणि हे जुनंच आहे. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये लाँगहॉर्नसोबत, म्हणजे पुढे व्हिस्टा नावाने आलेल्या विंडोजसोबत, विनएफएस येणार म्हणून सांगितलं, फाइल्स डेटाबेससारख्या ठेवायच्या, म्हणजे फोल्डर आठवत बसायला नको, अमक्याने पाठवलेलं तमक्या प्रोजेक्टचं सगळं एका झटक्यात समोर. कल्पना भारीच होती, मला आजही आवडते. ऑगस्ट २००४ मध्ये ती लाँगहॉर्नमधून काढली, जून २००६ मध्ये वेगळं प्रॉडक्ट म्हणूनही बंद, आणि शेवटी व्हिस्टा आलं ते तिच्याशिवाय. अशा घोषणांत भरडला जातो तो छोटा माणूस, ज्याचं चालतं सॉफ्टवेअर आज तयार आहे, कारण गिऱ्हाईक म्हणतं थांबू जरा, मोठ्या कंपनीचं येतंयच की.

बझवर्डचं, म्हणजे ज्याची त्या वेळी हवा असते अशा शब्दाचं, तर विचारूच नका. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका आइस्ड टी विकणाऱ्या कंपनीने लाँग ब्लॉकचेन असं नाव घेतलं (ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनमागचं तंत्रज्ञान, तेव्हा त्याचीच हवा होती) आणि शेअर एका दिवसात दुपटीच्या वर! पुढच्याच वर्षी नॅसडॅक या अमेरिकन शेअर बाजाराने तिला बाहेर काढलं.

आता "एजंटिक एआय", म्हणजे नुसतं उत्तर न देता स्वतःच पायऱ्या ठरवून काम उरकणारं एआय. एआय खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः रोज वापरतो आणि कामं होतात. पण तुमच्या पतसंस्थेत, कारखान्यात, हॉस्पिटलमध्ये कुणी विकायला आलं तर त्याला म्हणा आमच्या डेटावर आमच्यासमोर चालवून दाखव, सध्या कोण वापरतंय त्यांच्याशी बोलायला दे, आणि जे फीचर "पुढच्या रिलीजमध्ये" आहे त्याची तारीख करारात लिही, नाही आलं तर पैसे परत. एवढं मान्य नसेल तर सही करू नका, मग कंपनी कितीही मोठी असो.