सिमेंटचे पत्रे 'शंभर टक्के सेफ' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

पाऊस जवळ आला की हा मेसेज गावच्या ग्रुपवर येतोच. म्हणणं असं की सिमेंटच्या पत्र्यातला ऍस्बेस्टॉस (बारीक तंतूंचं खनिज) सिमेंटमधे पक्का बसलेला असतो, शिवाय तो पांढऱ्या प्रकारचा म्हणजे साधा, आजोबा आयुष्यभर त्याखालीच राहिले, तेव्हा जुने पत्रे बिनधास्त घासा, फोडा, तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भराव म्हणून टाका, तोंडाला रुमाल बांधा, झालं.

'पक्का बसलेला' हे अर्धं खरंय, म्हणूनच लोक फसतात. पत्रा अख्खा असेल आणि कोणी त्याला हात लावत नसेल तर खाली झोपणाऱ्याने घाबरायचं फारसं कारण नाही, घाईघाईने उतरवायला पण जाऊ नका. पण ग्राइंडर लावला, भोक पाडलं, हातोडा घातला की तंतू हवेत, आणि ते इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत, बराच वेळ तरंगतात, फुफ्फुसात खोल गेले की तिथेच राहतात. त्यात जुन्या पत्र्यावरचं सिमेंट पावसाने झिजून तंतू उघडे पडलेले असतात. अशा पत्र्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने नाहीतर प्रेशरच्या पाण्याने काढणं म्हणजे ते खरवडून अंगणात पसरवणंच की.

पांढऱ्याचं म्हणाल तर निळा ऍस्बेस्टॉस जास्त घातक हे बरोबर, पण म्हणून पांढरा साधा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवरची संस्था ऍस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार कॅन्सर करणारे धरते. युरोपियन युनियनमधे 2005 पासून पांढऱ्यावरही बंदी आहे, अमेरिकेनेही 2024 मधे बंदीचा नियम काढला. आपल्याकडे पत्रे राजरोस विकतात हा काही पुरावा नाही, तंबाखूही विकतातच.

आता आजोबा. ते पत्र्याखाली राहिले, पत्रे कापत बसले नाहीत. खरी काळजी रोज कटर चालवणाऱ्या मिस्त्रीची, आणि त्याचा आजार 20-40 वर्षांनी कळतो, तोवर कुठल्या साइटवरची धूळ ते कोण सांगणार? सिगारेट-बिडी ओढत असेल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका अजून कितीतरी वाढतो.

रुमालाने काही होत नाही, सर्जिकल मास्कनेही नाही. एफएफपी3 किंवा पी100 म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा मास्क लागतो, चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी असली की तोही बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पत्रा आधी हलक्या फवाऱ्याने ओला करा, नटबोल्ट पान्याने सोडवा आणि पत्रा अख्खा खाली घ्या. वर चढून त्यावर पाय अजिबात देऊ नका, जुना पत्रा कडकन मोडतो आणि खाली पडून माणूस जागीच जातो, कॅन्सरची वाट बघावी लागत नाही. खाली पडलेला चुरा झाडायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरायचा, फडकं पण त्याच पिशवीत.

राहिला भराव. जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे घरोघर पत्रे फुटले होते, असे तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात टाकले की गाड्यांखाली त्यांचं पीठ होतं. जाड प्लास्टिकमधे दोनदा गुंडाळून ठेवा आणि नगरपालिकेला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारा. तळोजा, रांजणगावला धोकादायक कचऱ्याच्या जागा आहेत, पण घरचे चार पत्रे घेतील का ते टेम्पो ठरवायच्या आधी फोन करून बघा.