अनलॉक्ड आहे म्हणजे चालणारच, असं नसतं हो काका

नमस्कार काका (सही तुम्हीच ‘काका’ अशी केलीय म्हणून म्हणतोय),

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की कीबोर्डवाल्या फोनबद्दल लिहिताना मी लोकांना उगाच घाबरवलं, फोन अनलॉक्ड असला की कुठलंही सिम टाका, चालतंच, तुमचे मेहुणे न्यू जर्सीहून सेकंडहँड ब्लॅकबेरी कीवन आणतायत आणि बँडबिंड बघत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. शेवटचं एकदम मान्य. बाकीचं नाही.

अनलॉक्ड म्हणजे ‘आमचंच सिम चालेल’ असं मोबाइल कंपनीने घातलेलं कुलूप काढलंय, बस. घराचं कुलूप उघडलं म्हणून आत नळाला पाणी असतंच का? फोनला तुमच्या नेटवर्कचे बँड, म्हणजे ते ज्या फ्रिक्वेन्सींवर चालतं त्या, पकडता यायला हव्यात, आणि ते जुळले तरी व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करायची सोय, हे वेगळंच प्रकरण आहे, त्याची त्या त्या कंपनीसाठीची सेटिंग फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी लागते. ती नसेल तर टॉवरचे चारही दांडे दिसतात, यूट्यूब मस्त चालतं आणि कॉल लावला की काहीच होत नाही.

तुम्ही लिहिलंय की ‘माझ्या मित्राचा बाहेरून आणलेला फोन एअरटेलवर छान चालतो’. चालत असेल की. एअरटेलने ३जी बंद केलं पण २जी ठेवलंय, त्यामुळे व्होल्टी नसलेला फोन कॉलच्या वेळी गुपचूप २जीवर उतरतो. मित्राला एवढंच सांगा की कॉल चालू असताना वरच्या कोपऱ्यात बघ, ४जी जाऊन तिथे ई किंवा जी येतं का, आणि मागे मॅप चालू असेल तर तो जागच्या जागी थांबतो का. तसं होत असेल तर फोन चालत नाहीये, भागतंय फक्त. आता तेच सिम काढून जिओचं टाका. जिओ २०१६ ला आलं तेच मुळी ४जी घेऊन, खाली उतरायला २जी-३जी नाहीच, मग व्होल्टी नाही तर साधा कॉल नाही. म्हणून एकाला चालतो आणि दुसऱ्याला नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. तुमच्या घरात सगळ्यांची जिओ आहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हा भाग एवढा ताणला.

मेहुण्यांच्या कीवनचं म्हणाल तर हा फोन वेगवेगळ्या मॉडेल नंबरांनी निघाला होता, अमेरिकेतला बीबीबी१००-१ वेगळा, युरोपातला -२ वेगळा, आणि आपल्याकडे २०१७ मध्ये ऑप्टिमस कंपनीने विकला तो ड्युअल सिमवाला आणखी वेगळा. प्रत्येकाचे बँड वेगळे, पण बाहेरून ओळखू येत नाहीत. शिवाय तो अँड्रॉइड ८ वर थांबलाय, सिक्युरिटी अपडेट कधीच बंद झाले, त्यामुळे बँकेचं ॲप त्यावर ठेवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी ठेवणार नाही. आणि कुणी ब्लॅकबेरीचेच जुने फोन, पासपोर्ट किंवा क्लासिक, स्वस्तात देतोय म्हणाला तर हातच लावू नका, त्यात अँड्रॉइड नाही आणि ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीने त्यांच्या मागची सर्व्हिसच बंद केली. कीवन आणि त्याच्यानंतरचा कीटू अँड्रॉइडवाले, त्यांना त्याचा फटका नाही, लोक उगाच सगळ्यांना एकाच माळेत ओवतात.

हे फक्त इंडियाचं नाटक आहे असंही नाही बरं का. तिकडे अमेरिकेत २०२२ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं तेव्हा त्यातल्या एटीअँडटीने चालणाऱ्या फोनची यादीच काढली होती, यादीत नसलेले कितीतरी चांगले अनलॉक्ड फोन लोकांच्या हातात नुसते राहिले. मेहुण्यांना विचारा, त्यांना आठवत असेल.

‘आजच्या जमान्यात बटणं कुणाला हवीत’ हा टोमणा मात्र मनाला लागला! मला हवीत. न बघता टाइप करता येतं, अर्धी स्क्रीन कीबोर्ड खात नाही, आणि कीवनच्या स्पेसबारमध्येच फिंगरप्रिंट आहे, अंगठा जिथे असतो तिथेच. मराठीसाठी त्रास आहे, बटणांवर देवनागरी नसते, ते मी लपवलेलं नाही. नवाच घ्यायचा तर युनिहर्ट्झ कंपनीचा कीबोर्डवाला टायटन २ बघा, ५जी आहे, चौकोनी स्क्रीन, खिशात ठेवायला जड. पण तोही मागवण्याआधी स्पेसिफिकेशनमध्ये जिओसाठी ४जीचे बँड ३, ५, ४० आणि ५जीचे एन२८, एन७८ आहेत का ते बघा, आणि कस्टम ड्यूटी किमतीत धरा, ती कुणी आधी सांगत नाही.

इथेच कुणाकडून सेकंडहँड घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी स्वतःचं सिम टाका, वायफाय बंद करा आणि दोन्हीकडून कॉल करा, तुमचाही आणि तुम्हाला आलेलाही. विकणारा ‘घरी जाऊन सेटिंग करा, चालेल’ म्हणाला की फोन त्याच्या हातात परत. चोरीचा नाही ना हेही बघा, *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढा आणि इंग्रजीत केवायएम, एक स्पेस आणि तो नंबर असा एसएमएस १४४२२ ला पाठवा.

मेहुणे निघायच्या आत त्यांना सेटिंगमधल्या अबाउट फोनचा फोटो काढायला सांगा आणि मॉडेल नंबर इथेच टाका, मी बघून सांगतो. आयएमईआय मात्र इथे टाकू नका, फोटोत दिसत असेल तर झाका.