1962 च्या फ्रेंच सार्वमताबद्दलचा तो मेसेज, आणि खरं काय झालं होतं

या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आलाय: फ्रान्समध्ये सारखी सरकारं पडायची, मग 1962 ला सार्वमत घेऊन राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडायचं ठरलं, सगळे पक्ष तयार झाले आणि तेव्हापासून तिथे स्थिर सरकार आहे, भारतानेही हेच करावं. यातलं सरकारं पडायची आणि सार्वमत झालं, तेवढं खरंय.

पण त्यावरचा इलाज 1958 च्या राज्यघटनेतच झाला होता. संसद विसर्जित करायचा अधिकार, आणीबाणीचे अधिकार, सरकारला मतदानाशिवाय कायदा पुढे रेटता येणारं कलम 49, हे सगळं तेव्हाच आलं. 1962 ला राष्ट्राध्यक्षाला एकही नवा अधिकार मिळाला नाही, बदललं ते फक्त निवडणार कोण. आधी गावोगावचे महापौर, नगरसेवक धरून 80 हजाराच्या आसपास लोक निवडायचे, नंतर सगळे मतदार.

आणि सगळे पक्ष तयार? अहो, उलट झालं होतं. 22 ऑगस्टला पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या गाडीवर गोळीबार झाला, बायको शेजारी बसलेली, टायर फुटले तरी ड्रायव्हरने गाडी काढली म्हणून वाचले, आणि महिन्याभरात त्यांनी टीव्हीवर सार्वमत जाहीर केलं. घटनादुरुस्तीचा रस्ता कलम 89 चा, म्हणजे आधी दोन्ही सभागृहांची मंजुरी, ते टाळून त्यांनी कलम 11 वापरलं. सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे, अध्यक्ष मॉनेरव्हिल उघडपणे विरोधात गेले, 5 ऑक्टोबरला अविश्वास ठरावाच्या बाजूने 280 मतं पडून पंतप्रधान पाँपिदूंचं सरकार पडलं, तर द गोलनी संसदच विसर्जित केली. थेट निवडलेला माणूस हुकूमशहा होईल ही विरोधकांची भीतीही खोटी नव्हती, 1848 ला थेट राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलेल्या लुई नेपोलियनने तीन वर्षांत सत्ता बळकावली आणि पुढच्या वर्षी सम्राट झाला. 28 ऑक्टोबरला 62 टक्के 'हो' आले हे खरं, पण म्हणजे शंभरातले 38 जण 'नाही' म्हणाले ना.

आता स्थिरता. ती संसदेत बहुमत असेल तरच येते. 1986 ला राष्ट्राध्यक्ष मित्तराँना विरोधातल्या शिराकना पंतप्रधान करावं लागलं. 2024 ला राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉननी संसद विसर्जित केली, कुणालाच बहुमत नाही, डिसेंबरात पंतप्रधान बार्निए यांचं सरकार अविश्वास ठरावाने गेलं (1962 नंतर असं पहिल्यांदाच) आणि सप्टेंबर 2025 ला पुढचे पंतप्रधान बायरू यांचंही विश्वासमत हरून गेलं, राष्ट्राध्यक्ष मात्र थेट निवडून आलेलाच होता.

इतकं लांब तरी कशाला जायचं, आपल्याकडे थेट सरपंच 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला. आमच्या गावात सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं, मासिक सभेत पाईपलाईनचा ठराव तीनदा नामंजूर झाला, आणि सबंध उन्हाळा बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या.