कबुतराच्या जाळीवरून पेटलेला वाद

विषय निघाला मन्याच्या जाळीवरून. त्याने परवा बाल्कनीला कबुतराची जाळी मारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, जाळीच्या पलीकडे, चार काड्या आणि एक वायरचा तुकडा टाकून जोडी परत बसलेली. बोरिवलीत आमच्या नाक्यावर पिंपळाचा पार आहे, रात्री नऊ-साडेनऊला आम्ही चौघं तिथे जमतो, कटिंग येते आणि मग कोणीतरी काहीतरी पेटवतं. काल मन्याने पेटवलं. म्हणाला, "चिमण्या गेल्या, कबुतरं टिकली, सिंपल आहे रे, जो स्ट्राँग तो टिकतो, कमजोर संपतो, निसर्गाचा नियम आहे, त्यात रडायचं काय?"

हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. अर्ध्या जगाला उत्क्रांती म्हणजे एवढंच वाटतं. मी म्हटलं, मन्या, ते सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट हे शब्द मुळात डार्विनचे नाहीतच, १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सर नावाच्या इंग्रज विचारवंताने वापरले, डार्विनने ते मागाहून उचलले. आणि फिट म्हणजे जिमवाला फिट धरू नकोस, शर्ट फिट बसतो ना, तसं. त्या जागेला, त्या वेळेला जो बसला तो बसला.

रुपाली ज्युनिअर कॉलेजला बायो शिकवते, ती म्हणाली, "चिमण्या गेल्या नाहीत आधी, कमी झाल्या. आणि कबुतराचं बघ, ते मुळातलं कड्याकपारीतलं पाखरू, त्याला आपले छज्जे आणि एसीचे डबे म्हणजे कडेच वाटतात. शिवाय पिल्लाला आईबाप दोघं गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं घट्ट काहीतरी भरवतात, म्हणजे स्वतः दाणे खाल्ले की पिल्लाचंही भागतं. चिमणीच्या पिल्लाला सुरुवातीला अळ्या-किडेच लागतात. सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकल्यावर अळ्या कुठून आणायच्या तिने? यात चिमणी कमजोर कुठे पडली, तिच्या पिल्लाचं ताटच काढून घेतलं ना!"

सावंतकाका मधेच म्हणाले, "म्हणजे गरज पडली की प्राणी बदलतो, आणि ज्याला बदलता येत नाही तो जातो, असंच ना?" इथेच सगळे फसतात. मी त्यांना म्हटलं, काका, तुमचं लहानपण भायखळ्याच्या चाळीत गेलं, गच्चीवर लक्का कबुतरं पाहिलीत ना? काका खूश झाले, हाताने पंखा करून दाखवला, "शेपूट अशी मोरासारखी पसरलेली, मान मागे टाकून चालायचं!" तर डार्विनने स्वतः घरी कबुतरं पाळली होती, लंडनच्या कबूतरवाल्यांच्या क्लबात जाऊन बसायचा तो, आणि १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात त्याने हेच लिहिलंय. साध्या कबुतराला शेपटीत १२ नाहीतर १४ पिसं, लक्क्याला ३०, कधी ४० सुद्धा. आता कुठल्या कबुतराला गरज वाटली म्हणून त्याने पिसं वाढवली का? नाही. पिल्लं सगळी सारखी निघत नाहीत, एखाद्याला एखादं पीस जास्त येतं, पाळणारा त्यालाच जोडीला ठेवतो, बाकीची विकतो, आणि असं पिढ्यान् पिढ्या चाललं की लक्का तयार होतो. जंगलात निवडणारा माणूस नसतो, तिथे ससाणा, दुष्काळ, रोग हेच निवडतात. फरक आधी असतो, गाळणी नंतर लागते, आणि त्या गाळणीला पुढचं काही दिसत नसतं.

"मग डोडो?" मन्या. "तो तर येडाच होता, माणूस दिसला तरी पळत नव्हता."

डोडोला कोणी येडा म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. अरे तो मॉरिशस बेटावरचा न उडणारा पक्षी, कबुतराच्याच खानदानातला, त्याचा आजचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबूतर, आपल्या निकोबार बेटांवर आहे ते. डोडोचे पूर्वज उडत आले, आणि मॉरिशसला शिकार करणारं चार पायांचं जनावरच नव्हतं. उडायला छातीचे मोठे स्नायू पोसावे लागतात, त्याला खाणं लागतं. जिथे पळायचंच कोणापासून नाही तिथे ज्याचे पंख थोडे लहान, ज्याच्या अंगात थोडी चरबी जास्त, त्याची पिल्लं जास्त जगली. हजारो पिढ्या डोडो त्या बेटाला एकदम फिट होता. १५९८ ला डच जहाजं आली, मग उंदीर, डुकरं, माकडं उतरली, आणि याचं अंडं जमिनीवर उघडं. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. ६४ वर्षं! तेवढ्यात पंख कुठून परत आणणार तो?

पण मन्या सहज सोडणारा नाही, आणि त्याचा मुद्दा बरोबरही होता. "आजवर झालेल्या ९९ टक्के प्रजाती संपल्याच ना? डायनासोर गेले तेव्हा कुठे माणूस होता?" रुपाली म्हणाली, "संपतातच, मी नाही कुठे म्हणते, आणि डायनासोरचं म्हणशील तर त्यांची एक फांदी म्हणजे पक्षी, ती आत्ता तुझ्या एसीमागे बसलीय. प्रश्न वेगाचा आहे रे. जंतूच्या पिढ्या भराभर होतात, म्हणून टीबीची गोळी मधेच सोडली की औषधाला न दबणारे उरतात आणि तेच वाढतात. वर्षाला एक अंडं घालणाऱ्याने एवढं पळायचं कसं?"

काका म्हणाले, संख्या भरपूर असली की वाचत असतील. तेही नाही. अमेरिकेत पॅसेंजर पिजन म्हणून कबूतर होतं, अंदाज ३०० ते ५०० कोटींचा, थवा जायला लागला की सूर्य झाकायचा. त्याचा बचावच गर्दीत होता, लाखोंनी एकत्र घरटी करायची, ससाणे खाऊन खाऊन किती खाणार. मग रेल्वे आणि तार आली, थवा कुठे उतरला ते तारेने कळायचं, शिकारी गाडीने पोचायचे, पिंपं भरभरून मांस शहरात जायचं, जंगलंही तुटत होती. जी गर्दी वाचवत होती तीच दाखवून द्यायला लागली. शेवटची मादी मार्था, सिनसिनाटीच्या झूमध्ये १ सप्टेंबर १९१४ ला पिंजऱ्यात मेली.

मन्या थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग रुपालीने वर बोट केलं, "आणि आपला हरियाल? महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तोही कबुतरच. याच पिंपळावर येतो." मन्याचा विश्वास बसेना, इतकी वर्षं पारावर बसतोय, कधी दिसला नाही. दिसणार कसा, पानात पान असतो तो, वड-पिंपळ-उंबराच्या फळांवर जगतो, खाली फारसा उतरतच नाही. कबुतराला फेकलेले दाणे चालतात, याला हे झाडच लागतं. काका म्हणाले, समोर बँक आहे तिथे मोठा वड होता.

आज सकाळी सातला मी आणि मन्या खाली उभे. पाच मिनिटं नुसती पानं. मग एक पान बाजूला सरकलं आणि पिवळेधमक पाय दिसले, फांदीला उलटं लोंबकळून फळ ओढत होता. मग दुसरा, मग तिसरा. मन्या म्हणतो अकरा होते, मी नऊच मोजले, आणि रात्री पारावर पहिला वाद यावरच होणार आहे.