चरबी उपसून काढली म्हणजे मधुमेह जात नाही

"चरबी हे शरीरात साठलेलं विष आहे, ती मुळासकट काढा, मधुमेह पळून जाईल." अशी सुरुवात असलेला पाच मुद्द्यांचा संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे. इन्सुलिनवर असलेल्या माझ्या मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मग इंजेक्शन थांबवू का?" अजिबात नाही. पण न विचारताच कुणी थांबवलं तर काय, या धास्तीने हे लिहावं लागतंय.

पहिला दावा, चरबी म्हणजे विष. तसं असेल तर ज्यांच्या अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, ती माणसं सगळ्यांत निरोगी हवीत. अशी माणसं आहेत. लायपोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ विकाराच्या एका प्रकारात जन्मापासूनच चरबीचा थर जवळपास नसतो. हातापायांचे स्नायू नि शिरा उठून दिसतात, आणि तरी ऐन तारुण्यात तीव्र मधुमेह, फॅटी लिव्हर आणि स्वादुपिंडाला सूज येण्याइतकी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. कारण उघड आहे. जादा ऊर्जा कुठेतरी साठणारच. मेदपेशी नसतील तर ती चरबी होऊन यकृतात आणि स्नायूंत घुसते, आणि तिथल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. चरबी नसलेल्या उंदरांच्या कातडीखाली निरोगी उंदरांची चरबी बसवण्याचा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांची साखर उतरली. म्हणजे चरबी काढून नव्हे, घालून मधुमेह सुधारला.

पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या गोळीचंही तसंच. ती नव्या, लहान मेदपेशी तयार व्हायला मदत करते. कातडीखालची चरबी आणि वजन थोडं वाढतं, यकृतातली चरबी घटते, साखर सुधारते. विष वाढवून रोग बरा होतो, असं म्हणायचंय का?

यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने का होईना, मान्य करते. फुगलेली चरबी त्रास देते, विशेषतः पोटातली. मेदपेशीचा व्यास साधारण दशांश मिलिमीटरच्या आत असतो. ती त्यापलीकडे ताणली गेली की काही पेशी मरतात, त्यांच्याभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी कडं करून बसतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. चरबीचं विघटन रोखून धरणं हे एरवी इन्सुलिनचं काम. तो लगाम सैल होतो आणि मेदाम्लं नको त्या वेळीही रक्तात झिरपत राहतात. पण याचा अर्थ पेशी भरून वाहते आहे, एवढाच. कोठार फोडून टाकणं हा त्यावर उपाय नाही, आत येणारा माल कमी करणं हा आहे.

"प्रयोगशाळेत सिद्ध झालंय की चरबीच्या पेशी विष सोडतात" हे वाक्य त्याच मुद्द्यात घुसडलंय. ही पेशी हाताळतात कशी ते बघा. बेंबीजवळची जागा बधिर करून सुईने ग्रॅमभर चरबी काढतात, बारीक चिरतात आणि कोलॅजिनेज या विकरात ३७ अंश सेल्सिअसला तासभर हलकेच हलवत ठेवतात. मेदपेशी वर तरंगतात, बाकीच्या पेशी तळाशी बसतात. तरंगणारी प्रत्येक पेशी म्हणजे तेलाचा एक थेंब आणि त्यावर अत्यंत पातळ आवरण. जोरात हलवलं किंवा साध्या काचेच्या भांड्यात घेतलं तरी फुटते. म्हणून १९६४ साली ही पद्धत मांडणाऱ्या मार्टिन रॉडबेल यांच्यापासून प्लॅस्टिकची भांडी वापरतात. सगळ्यांत मोठ्या पेशी आधी फुटतात आणि त्यांच्यातलं तेल द्रवात मिसळतं. ते पेशीने "सोडलेलं" नसतं, फुटून सांडलेलं असतं. शिवाय तरंगणाऱ्या पेशी बशीच्या तळाला चिकटत नाहीत, म्हणून बरेच प्रयोग बशीत वाढवलेल्या पूर्वपेशींवर, म्हणजे ज्यांच्यापासून मेदपेशी बनतात त्यांच्यावर होतात, आणि त्यांच्यात एका मोठ्या थेंबाऐवजी अनेक बारीक थेंब असतात. तेव्हा "सिद्ध झालंय" म्हणणाऱ्याला आधी विचारा: कोणत्या पेशी, आणि त्या शाबूत होत्या का?

आता दुसरा मुद्दा, लायपोसक्शन करून, म्हणजे नळीने चरबी ओढून काढून, मधुमेह मुळापासून काढायचा. याची थेट परीक्षा झालेली आहे. सॅम्युअल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी सेंट लुईसमध्ये केलेला अभ्यास २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. लठ्ठपणा असलेल्या १५ स्त्रिया, त्यांपैकी ७ जणींना टाइप २ मधुमेह. मधुमेह असलेल्यांच्या अंगातून सरासरी साडेदहा किलो चरबी काढली, त्यांच्या एकूण चरबीच्या सुमारे १९ टक्के. दहा ते बारा आठवड्यांनी क्लॅम्प चाचणी केली, म्हणजे शिरेतून इन्सुलिन चालू ठेवून साखर स्थिर राखायला किती ग्लुकोज लागतं ते मोजलं. यकृत, स्नायू, चरबी, कुणाचाही इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, दाहाचे निर्देशक, सगळं जिथल्या तिथे.

का? नळी कातडीखालच्याच थरात फिरते. पोटाच्या स्नायूंच्या आतली चरबी आणि यकृतातली चरबी तिच्या आवाक्यातच नाही. शिवाय पेशी संख्येने कमी होतात. उरलेली प्रत्येक पेशी तेवढीच फुगलेली राहते. आहार कमी करून तेवढीच चरबी घटवली तर उलट घडतं, प्रत्येक पेशी आकसते आणि यकृत रिकामं होतं. लायपोसक्शन ही शरीराचा आकार बदलणारी शस्त्रक्रिया आहे. त्यापलीकडे तिच्याकडून काही मागू नका.

सगळ्यांत घातक मुद्दा तिसरा: "४८ तास निर्जळी राहा, चरबीच्या पेशी मरतात, औषधं त्याच दिवशी बंद करा." उपासाने पेशी मरत नाहीत. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने अणुचाचण्यांतून हवेत आलेल्या कार्बन-१४ वरून मेदपेशींचं वय काढलं (२००८). वर्षाला सुमारे १० टक्के पेशी बदलतात, पण प्रौढपणी एकूण संख्या जवळपास तेवढीच राहते, बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर केलेल्या शस्त्रक्रियेने वजन खूप उतरल्यावरही.

आणि औषधांचं काय होतं ते नीट वाचा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू ठेवून उपाशी राहिलात तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते: घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी. साखर ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णालय गाठा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब उपवास केला तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा जीवघेणा प्रकार, होऊ शकतो; उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर साखरेच्या आकड्यावर विसंबू नका. आणि टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ.

वजन उतरवून टाइप २ मधुमेह माघार घेतो हे खरं आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत (२०१८) दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरीचा आहार तीन ते पाच महिने दिला. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. १५ किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांत ८६ टक्के. पण मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक झालेले त्यात नव्हते, इन्सुलिन घेणारे नव्हते, आणि गोळ्या थांबवल्या त्या वैद्यकीय देखरेखीखाली. संदेशात यातली एकही अट नाही.

चौथा मुद्दा, पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून घाम काढा, चरबी जाते. त्याबद्दल दोनच वाक्यं. १० किलो चरबी जळते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते आणि १.६ किलो पाणी होतं. गुंडाळून घटतं ते फक्त पाणी, आणि प्यायल्यावर परत येतं.

शेवटचा मुद्दा, बारीक माणसाला भीती नाही. साफ चूक. कातडीखालची जागा लवकर भरते अशा माणसात, वजन बेताचं असतानाही, चरबी यकृतात जाते. वजनकाट्याऐवजी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड तपासून घ्या, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.