फॉगलाइटला शंभर वॅटचा बल्ब? फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

पावसाळा लागला की पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरायला लागतो. तो थोडक्यात असा: कंपनीचे फॉगलाइट नावालाच असतात. घरीच कपलर काढा, शंभर वॅटचा बल्ब टाका, नाहीतर १२० वॅट लिहिलेला पांढरा एलईडी. फ्यूज उडाला तर मोठा लावा. लाइटचं तोंड जरा वर करा, धुकं चिरत जाल. बेकायदा काही नाही, बल्बच तर बदललाय.

नारायणगाव-ओतूरकडून टोमॅटो भरून रात्री माळशेज उतरणारे आणि पहाटेच्या आत कल्याणचं मार्केट गाठणारे कितीतरी ड्रायव्हर हे वाचून गाडीला हात घालतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

धुकं चिरणारा प्रकाश. असा प्रकाश नसतो. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. प्रत्येक थेंब अंगावर पडलेला प्रकाश चहूकडे उधळतो आणि त्यातला काही तुमच्याच डोळ्यांत परत येतो. बल्बचा उजेड दुप्पट केला की समोरची पांढरी भिंतही दुप्पट उजळते. म्हणून तर फॉगलाइट बंपरमध्ये खाली बसवतात. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सुरीने कापल्यासारखी. नजरेच्या रेषेतल्या धुक्यावर उजेड पडूच नये, हा त्यामागचा हेतू. डावीकडची पांढरी पट्टी, साइडपट्टीची कड, कठड्याचा पाया एवढं दाखवलं की त्याचं काम झालं. लांबचं दाखवायला तो बनवलेलाच नाही. जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबेल इतकाच वेग ठेवायचा, त्याला कुठला बल्ब पर्याय नाही.

यावर काहीजण म्हणतात, मग पिवळा टाकू, पिवळा धुक्यातून आरपार जातो. तेही खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच उधळले जातात. पिवळ्याने डोळ्यांना त्रास कमी होतो असं अनेकांना वाटतं आणि निळसर पांढरा उजेड जास्त टोचतो हेही खरं, पण पिवळा असो की पांढरा, धुकं भेदून कुणी जात नाही.

एलईडी त्याच होल्डरमध्ये बसतो. बसतो, पण झोत बिघडतो. रिफ्लेक्टर कंपनीच्या हॅलोजन बल्बमधल्या बारीक तारेच्या, म्हणजे फिलॅमेंटच्या, नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा पट्टीच्या दोन बाजूंना असतात. जागा मिलिमीटरभर हुकली तरी वरची कापलेली कड पुसट होते आणि उजेड वर सांडतो. धुक्यात नेमकं हेच नको असतं. शिवाय मागे पंखा असल्यामुळे रबरी टोपण नीट बसत नाही. बंपरची जागा खड्ड्यातल्या पाण्याची, चिखलाची. काच आतून घामेजली की लाइट असून नसल्यासारखी. आणि ते १२० वॅट? वायरभोवती धरायचा क्लॅम्प मीटर लावून करंट मोजा, म्हणजे आकडा किती फुगवलाय ते कळेल.

फ्यूज उडाला तर मोठा लावा. या सल्ल्याने गाडी पेटू शकते, म्हणून हिशोबच मांडतो. नेहमीचे ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर करंट ओढतात. शंभरचे दोन जवळजवळ सतरा. पंधरा अँपिअरचा फ्यूज उडू शकतो, कारण फ्यूज वायर वाचवण्यासाठीच असतो. वायर तीच ठेवून तीसचा टाकलात तर आता सगळ्यात कच्ची जागा वायर झाली. अशा गाडीचा होल्डर काढून पाहिलात तर पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, पिन सैल आणि वायरचं इन्सुलेशन कडक होऊन चिरलेलं दिसेल.

तक्रार मात्र खोटी नाही. जुन्या गाडीचे फॉगलाइट खरंच मंद होतात. पण दोष बहुतेकदा बल्बचा नसून गंजलेल्या अर्थचा (बल्बमधून गाडीच्या सांगाड्याला जाणाऱ्या जोडाचा), बारीक वायरचा आणि पांढुरक्या पडलेल्या काचेचा असतो. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू ठेवून, लाइट लावून, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग होल्डरवर व्होल्टेज मोजा. फरक व्होल्टभराचा निघाला तर घरी करण्यासारखं काम हेच: बॅटरीजवळच पंधराचा फ्यूज, तिथून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर रिलेच्या (स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणाऱ्या डबीच्या) ३० नंबर पिनेला, ८७ वरून बल्बला, ८६ ला जुन्या स्विचची वायर, ८५ अर्थला. बल्बची अर्थ रंग खरवडलेल्या चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, घट्ट. बल्ब कंपनीच्याच वॅटचा.

कायद्याचं म्हणाल तर त्याच जातीचा, त्याच वॅटचा बल्ब बदलला तर कुणी विचारत नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ प्रमाणे पुढचा झोत समोरच्याचे डोळे दिपवणार नाही असा खाली वळवलेला लागतो. नियमात न बसणारा बदल मालकाने केला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

राहिलं लाइटचं तोंड वर करण्याचं. पिकअपच्या बाबतीत मला याचीच जास्त धास्ती वाटते. माल भरला की मागचे पाटे (स्प्रिंगा) बसतात आणि गाडीचं तोंड आपोआप उचललं जातं. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे तीन मीटर अंतर (व्हीलबेस) असताना मागचा भाग दहा सेंटीमीटर दबला, तर दर मीटरला झोत तीन सेंटीमीटरहून जास्त वर जातो. रिकाम्या गाडीत नीट जुळवलेली लाइटही मग तीस मीटरवर सव्वा मीटरच्या आसपास उंचीला पोचते. समोरच्या छोट्या गाडीत ड्रायव्हरचे डोळे तिथेच असतात. वळणावर, ओल्या रस्त्यावर, एका बाजूला दरी असताना तो क्षणभर आंधळा होतो.

म्हणून लाइटचं तोंड जुळवायचं ते भरल्या गाडीवर. नेहमीचा माल चढवा, टायरची हवा तपासा, सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा. लाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखा आणि झोताची वरची कड त्या रेघेच्या दहा सेंटीमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवा. परतीला रिकाम्या गाडीत उजेड थोडा जवळ पडेल. पडू द्या.