मळीवरचं शेवाळ खाऊन कॅन्सर बरा होत नाही

‘साखर कारखान्याच्या मळीवर वाढवलेल्या शेवाळाची पावडर रोज चमचाभर घ्या, केमोची गरज नाही’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही.

मळीवर सूक्ष्म शेवाळ वाढतं, एवढं बरोबर. मळीतली साखर आधी फोडून ग्लुकोज केली, तर क्लोरेला हे हिरवं सूक्ष्म शेवाळ अंधारातही वाढतं. स्पिरुलिना या नील-हरित शेवाळातल्या फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याने काचेच्या बशीतल्या कॅन्सरपेशींची वाढ मंदावते, हेही प्रयोगांत दिसलंय. पण बशीत ते थेट पेशींवर ओततात. आपण गिळलं की ते बाकी प्रथिनांसारखं पोटात पचायला लागतं.

शेवाळातल्या द्रव्यापासून खरं औषध कसं घडतं, ते बघा. डोलास्टॅटिन-१० हे समुद्री गोगलगायीत सापडलेलं द्रव्य मुळात नील-हरित शेवाळाचं निघालं. माणसांवरच्या चाचण्यांत ते एकटं टिकलं नाही. त्यात बदल करून, प्रयोगशाळेत बनवून, अँटीबॉडीला, म्हणजे कॅन्सरपेशी ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाला जोडलं, तेव्हा ब्रेंटक्सिमॅब व्हेडोटिन हे औषध तयार झालं. २०११ साली अमेरिकेत त्याला हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. ते शिरेतून देतात, आणि त्यात या बदललेल्या विषारी द्रव्याचं प्रमाण मोजूनमापून असतं.

मला जास्त काळजी वाटते ती घरगुती टाक्यांची. शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं, उघड्या टाकीत जंतूही वाढतात, आणि केमोमुळे रुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते.

घरात कुणी अशी पावडर घेत असेल, तर डबा घेऊन डॉक्टरांना दाखवा. केमोची तारीख मात्र चुकवू नका.